एकोणीस नंबरचं दार

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा टेकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात सातच अंगं जमिनीला लागली आहेत, आठवं लागलं असं समजून घ्यावं.) तुमची प्रकृती कशी आहे? डोळ्यांचं ऑपरेशन झालं असं उडत उडत कळलं. ऐकू कमी येतं असंही कळलं, पण ते मी खरं मानत नाही, कारण तुम्हाला लहानपणापासून हवं तेवढंच ऐकू यायचं असं आई म्हणायची. मामींना नमस्कार. हे पत्र बहुधा मामीच तुम्हाला वाचून दाखवत असणार, तर मामी, एक विनंती आहे. कंसातला मजकूर तेवढा सोडून वाचा. तो माझा आणि मामांचा खासगी आहे.

सहा वर्षांनी एकाएकी पत्र आलं म्हटल्यावर तुमच्या मनात पाल चुकचुकली असेल. चुकचुकू दे. पत्र निव्वळ खुशाली विचारण्यासाठी आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुमची भाचेसून बरी आहे, मुलगी कॉलेजात जाते, कुलपांचा धंदा ठीक चालला आहे. (खरं तर फार चांगला चालला आहे. लोकसंख्या वाढली की संशय वाढतो आणि संशय वाढला की कुलपं खपतात. पण हे कुणाला सांगू नका, आमच्याच गल्लीत दुसरा कुलूपवाला उभा राहील.)

तुम्ही गेलात तेव्हाची आपली वस्ती आणि आजची वस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा कुणी पत्ता विचारला तर आपण "शेवटच्या थांब्याच्या पुढे" असं सांगायचो. आता त्या थांब्याच्या पुढे सहा थांबे झाले आहेत आणि शेवटचा थांबा कुठे आहे हे कंडक्टरलाही विचारून घ्यावं लागतं. पाइपांचा कारखाना बांधायला आलेल्या तुम्हा अकरा गवंड्यांनी बांधकाम संपल्यावर "जाऊ उद्या-परवा" म्हणत जी अकरा खोपटी उभी केलीत, त्यांची आज तीन लाख माणसं झाली आहेत. कारखाना बंद पडून त्याच्या जागी पाच मजली दुकानं आली, तरी तुमचं उद्या-परवा उजाडलेलं नाही. बँका आहेत. दातांचे सात दवाखाने आहेत. (एवढ्या माणसांचे दात एकाच वेळी किडणं शक्य नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.) वजनं उचलायची एक व्यायामशाळा आहे, तिथे लोक पैसे भरून वजनं उचलतात. तुम्ही लोकांनी उचललेल्या विटा आठवल्या की माझा जीव तुटतो.

मोठा रस्ता आमच्या घरासमोर अचानक डावीकडे वळतो, ते वळण तुम्हाला आठवत असेल. पहिला नळ आला तेव्हा बायकांनी भांड्यांची रांग लावली. वाटेत एक मोठा धोंडा होता म्हणून रांग त्याला वळसा घालून गेली. मग रांगेच्या कडेने घरं झाली, घरांच्या कडेने गल्ली झाली आणि गल्लीचा रस्ता झाला. धोंडा फोडून त्याची खडी घरांच्या पायात भरली त्यालाही पस्तीसेक वर्षं झाली, पण बस अजून त्या धोंड्याला वळसा घालते. बसचा ड्रायव्हर रोज तिथे शिव्या देतो. आपण घागरींना शिव्या देतोय हे त्याला माहीत नाही. मी सांगितलेलंही नाही. सरकारी माणसाला कारण नसताना माहिती देऊ नये.

तर सरकारी माणसावरून आठवलं. (आठवलं कसलं. हेच सांगायचं होतं.) दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे मापवाल्या बाई आल्या. तीन पायांचा स्टँड, त्यावर दुर्बिणीसारखं यंत्र, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर हसू. मी पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. आपल्याकडे आजवर जो जो मोजायला आला तो तो पाठोपाठ पाडायला आला. तोही हसतच आला होता. दुधानं तोंड पोळलेली ही वस्ती आहे, ताक फुंकून पिते. बाईंनी टेप काढला की गल्लीतल्या बायका धुणं वाळत घालायच्या निमित्ताने मधे येत. समोरच्या शिंप्याने त्यांना आपल्या घराची रुंदी दोन फूट कमी सांगितली, कर लागेल म्हणून. मग कुणीतरी म्हणालं की भरपाई मिळणार आहे, तेव्हा त्याच संध्याकाळी तो चार फूट वाढवून सांगायला गेला. मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी दुकानात येऊन पाणी मागितलं, तेव्हा पेला देताना मी एवढंच विचारलं, पाणी किती घेणार, मोजून सांगा.

पण नोटीस लागली आणि सगळ्यांचेच चेहरे बदलले. त्या वळणावरचा रस्ता सरळ करायचा आहे. पहिल्या मोजणीत ज्यांची नोंद आहे, त्यांना किंवा त्यांच्या वारसांना घराच्या मालकीचा कागद मिळणार, आणि कागद झालेली घरं वगळून रस्ता आखणार. ज्यांचा कागद होणार नाही, त्यांच्या घरावरून रस्ता जाणार. आमचं घर बरोबर वळणाच्या पोटात आहे. तीन मजले, खाली दुकान, सात माणसं आणि माझी उभी हयात, असा सगळा ऐवज त्या बाईंच्या दुर्बिणीसमोर उभा होता. महिनाअखेरपर्यंत पुरावा द्यायचा होता. पुरावा म्हणून काय मागितलं असेल, सांगा पाहू? दार.

मामींना हे माहीत नसेल (माहीत असणार, पण लिहितो), म्हणून खुलासा करतो. पहिल्या मोजणीला कारकून लाल रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा वस्तीत भिंत म्हणावी अशी वस्तूच नव्हती. पत्रे, ताडपत्र्या आणि चटया. ब्रश टेकवला की भिंत आत जायची. लाकडी म्हणून एकच वस्तू, कारखान्याच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं दार. म्हणून त्याने नंबर दारांवर रंगवले, एक ते तीनशे बारा. हातात कागद कुणालाच दिला नाही. पुढे पाडापाडी सुरू झाल्यावर हुकूम निघाला की नंबरवाल्यांना जवळपास दुसरी जागा, बिननंबरवाल्यांना रस्ता मोकळा. तेव्हापासून आपल्या वस्तीत घर म्हणजे दार हा कायदा झाला. पाडणारे आले की लोक भांडी नंतर, पोरं नंतर, आधी दार बिजागरीतून उचलून पळत. पन्नास पावलांवर दार टेकवलं की तिथे घर झालं. असं तीन वेळा झाल्यामुळे सातच्या शेजारी दोनशे बारा आणि त्याच्या शेजारी चाळीस अशी आमची मांडणी आहे. कुठलं घर कुठे, हे फक्त पोस्टमनला माहीत आहे. (म्हणून माझा त्याच्यावर संशय आहे. एका माणसाला इतकं माहीत असू नये.)

नोटीस लागली आणि सगळी वस्ती जुनं दार शोधायला लागली. पक्की घरं बांधली तेव्हा लोकांनी ती दारं टाकली नव्हती, पण कुठे कुठे घुसवली होती. कुणाचं मोरीला होतं, कुणाचं माळ्यावर होतं, कुणाच्या कोंबड्या त्याखाली राहत होत्या. भंगारवाला एका आठवड्यात वस्तीतला सर्वांत मानाचा माणूस झाला. लोक त्याला वाकून नमस्कार करू लागले. सुताराने कोरी दारं चहात भिजवून, चुलीवर धुरावून जुनी करायला घेतली. त्यांतलं एक दार तीनशे चाळीस नंबरचं निघालं. मोजणी तीनशे बारावर संपली होती, हे सुताराला कुणी सांगितलं नव्हतं. आणि व्यायामशाळावाल्या दोघा भावांची तर कमालच झाली. बाप गेल्यावर त्यांनी सगळ्याची काटेकोर निम्मी वाटणी केली होती, दारासकट. करवतीने उभं मधोमध. नंबर होता सत्तावीस. आता थोरल्याकडे दोन आहे आणि धाकट्याकडे सात. दोघे वेगवेगळे जाऊन बाईंसमोर उभे राहिले. खऱ्या दोन नंबरवाल्याची नात आणि खऱ्या सात नंबरवाल्याचा मुलगा भांडायला आले, असे दोन निराळे तंटे तिथेच उभे राहिले. भावांनी दारं शेजारी धरली तर प्रश्न सुटेल, असं बाई म्हणाल्या. भाऊ म्हणाले, एकमेकांच्या शेजारी उभं राहायचं नाही म्हणून तर कापलं.

मी मात्र निर्धास्त होतो. आमचं दार माझ्या हाताखाली होतं, अगदी शब्दशः. तुम्हाला ठाऊक आहे (चांगलंच ठाऊक आहे, त्यावर पुढे येतो), पक्कं घर बांधताना आईने दार टाकू दिलं नाही. म्हणाली, ठोकपीट करायला फळी हवीच ना तुला, हेच घे, पण नंबर खाली ठेव, नाहीतर घासला जाईल. मी ते दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं. वीस वर्षं त्याच्यावर किल्ल्या घासतोय. दाराच्या मागच्या दोन आडव्या पट्ट्या वर आल्यात, त्यामुळे किल्ल्या घरंगळून खाली पडत नाहीत, हा वरचा फायदा. लोक दारासाठी पाच-पाच मैल हिंडत होते आणि मी दारावरच चहाचा कप ठेवून त्यांची गंमत पाहत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी शिंप्याला ऐकवलंसुद्धा. आई लहानपणापासून सांगायची, आपला नंबर एकोणीस. झोपेतून उठवून विचारलं तरी मी एकोणीस सांगितलं असतं.

मात्र त्या दारात एक खोट आहे आणि ती तुम्हाला ठाऊक आहे. त्याला कडी नाही. कडीच्या जागी चार भोकं आहेत. मी आठ वर्षांचा असताना आईला विचारलं, कडी कुठे गेली. ती म्हणाली, मामाने नेली. का नेली, विचारलं तर तिने विषय बदलला. विषय बदलला म्हणजे काय समजायचं ते मी समजलो. पाडापाडी सुरू होताच बायको-मुलीला घेऊन, विधवा बहिणीला आणि लहान भाच्याला मागे टाकून तुम्ही गेलात, "गर्दी फार झाली" म्हणालात (गर्दी. चारशे खोपटी होती तेव्हा), आणि जाताना बहिणीच्या दाराची कडीसुद्धा सोडली नाहीत. दोन वर्षं आईने ते दार आतून दोरीने बांधलं. मी कुलपांच्या धंद्यात पडलो तो त्या दोरीमुळे. लोक विचारतात, तुमच्या घराण्यात पूर्वी कुणी कुलूपवाला होता का? मी सांगत आलो, नाही, कडीवाला होता.

हे तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही. फक्त एकदा, तेही आडून. आई गेली तेव्हा तुम्ही आला होतात. सगळे वर बसले होते आणि तुम्ही खाली दुकानात एकटेच तासभर बसलात. मी जिन्यातून पाहत होतो. (माझी ती सवय आहे.) तुम्ही त्या फळीखाली हात घालून चाचपत होतात. पुढे न्यायचात, मागे आणायचात, पुन्हा तिथेच. मला वाटलं, आईने काही लपवून ठेवलं असेल आणि ते यांना माहीत असेल. मी खाली येऊन विचारलं, काही हरवलंय का मामा? माझ्या धंद्यात तो प्रश्न कुठल्या सुरात विचारतात ते तुम्हाला कळलं. तुम्ही हात काढून घेतलात, जेवायला न थांबता निघून गेलात आणि त्यानंतर सहा वर्षांत एक ओळ नाही. तुम्ही गेल्यावर मी फळीखाली बॅटरी मारून पाहिलं होतं. काहीच नव्हतं. तेव्हा मला वाटलं, नेलं असणार.

तर मापवाल्या बाईंना मी मोठ्या रुबाबात बोलावलं. शिंप्याला मुद्दाम बोलावलं, त्याला जळू दे म्हणून. त्याने आणि मी फळी उचलून उलटी केली आणि शिंप्याने शिलाई मशीन पुसायच्या फडक्याने धूळ झटकली. एकोणीस. लाल रंग फिकटलेला, पण एकाचं आणि नवाचं शेपूट अगदी स्पष्ट. मी बाईंकडे असं पाहिलं की आता यंत्र घडी करा आणि चहा घ्या. त्यांनी पिशवीतून जुन्या मोजणी-वहीची झेरॉक्स काढली, पानावर बोट फिरवलं आणि वाचलं: "एकोणीस. पुरुष एक, धंदा गवंडी. बायको एक. मुलगी एक." आणि पुढे नाव होतं. तुमचं, मामा. आडनावासकट.

मी म्हणालो, चूक आहे. माझे वडील गवंडी नव्हते, आणि मुलगी तर मी कधीच नव्हतो. बाईंनी पूर्ण वही चाळली. एक बाई आणि चार वर्षांचा मुलगा, अशी नोंद तीनशे बारापैकी एकाही दारावर नव्हती. आमचं कुटुंब मोजलंच गेलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या नंबरावर आम्ही राहिलो, वीज घेतली, शाळेत नाव घातलं, तो नंबर दुसऱ्याचा होता. बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या की कागद नोंदीतल्या माणसाच्या नावे होईल. तो हयात असेल तर त्याचा, नसेल तर त्याच्या मुलीचा. नाहीतर त्याने लिहून दिलं पाहिजे. शिंपी माझ्याकडे न बघता फडकं घडी करत राहिला. एवढा मनाचा मोठेपणा मी त्याच्याकडून अपेक्षिला नव्हता आणि मला तो अजून पटलेला नाही.

आता खरं सांगतो मामा, त्यानंतरचे दोन दिवस मी काय काय विचार केला तो कागदावर येण्यासारखा नाही. आधी वाटलं, शिंप्याने बाईंना फितवलं. मग वाटलं, वहीच खोटी. मग एका क्षणी सगळं लख्ख दिसलं. तुम्ही दारांची अदलाबदल केली. बहिणीचं दार स्वतः नेलंत, स्वतःचं तिच्या गळ्यात मारलंत, म्हणजे ती राखण करत राहील आणि चाळीस वर्षांनी कागद तुमच्या नावे निघेल. आयत्या बिळावर नागोबा. इतका दूरचा डाव, तोही एका गवंड्याचा! मला तुमच्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. त्या भरात मी तुम्हाला सहा पानी पत्र लिहिलं. ते तुमच्या भाचेसुनेने दिवाणाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आहे. तिथे कुलूप आहे. (किल्ली माझ्याकडे नाही. ही गोष्ट माझ्या धंद्याला शोभत नाही, पण आहे ती अशी आहे.)

तुमच्या विरुद्ध साक्षीदार हवा म्हणून मी नळाच्या आजीकडे गेलो. आठवते ना? पहिल्या नळावर बसून रांग सांभाळायची ती. नव्वदीच्या पुढे गेली आहे. तो नळ आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या भिंतीत गेला आहे, आणि ती त्याच दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसते, रांग नसली तरी. मी सगळा डाव तिच्यासमोर मांडला. ती आधी दात नसलेलं हसली, मग हसायची थांबली.

"अरे, तुझी आई आली ती मोजणी होऊन आठ दिवस झाल्यावर," ती म्हणाली. "कारकून कधीच गेला होता. तिच्या खोपटाला दारच नव्हतं, चटई टांगलेली. तुझ्या मामानं काय केलं, एका सकाळी आपलं दार बिजागरीतून काढलं आणि तिच्याकडे नेऊन लावलं. स्वतःच्या घराला गोणपाट. तुझी मामी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनंच त्या गोणपाटाला काठ शिवला."

मी म्हणालो, मग पाडापाडी? तर म्हणाली, "पाडणारे आले. दाराला नंबर होता, तुझ्या आईला जागा मिळाली. गोणपाटाला कोण नंबर देतंय? त्यानं सगळ्यांना सांगितलं, इथं गर्दी फार झाली, मी चाललो. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण तो म्हणाला, माझ्या बहिणीला कुणी उपकार म्हणून ऐकवायचं नाही. म्हणून कुणी बोललं नाही."

आणि कडी? मी विचारलं. (विचारल्याशिवाय राहवेना. चाळीस वर्षांचा प्रश्न होता.) तर आजी म्हणाली, "जाताना तेवढी मागितली त्यानं. दार बनवलं तेव्हा ती कडी त्यानं स्वतः ठोकून वळवली होती. तुझ्या आईनं पेचकस घेऊन आपल्या हातानं काढून दिली. दोघं रडत होती आणि पेच निघत नव्हता."

म्हणजे नेली हे खरं. चोरली हे खोटं. माझा अंदाज निम्मा तरी बरोबर निघाला, हे मी आजीला सांगितलं. मी घरी आलो, फळी पुन्हा उलटी केली, आणि तुम्ही त्या दिवशी जिथे हात फिरवत होतात तिथे हात घातला. तिथे चार भोकं आहेत. मी भोकांचा माणूस आहे, मामा, आयुष्यभर किल्लीच्या भोकातून जग पाहिलं, आणि तुम्ही काय शोधताय हे मला कळलं नाही. त्या दिवशी तुम्हाला तसं विचारलं, जेवल्याशिवाय जाऊ दिलं, त्याची लाज वाटते. हे वाक्य कंसात नाही. मामी, हे मोठ्याने वाचा.

असो. पत्र लांबलं. तुम्ही प्रकृतीला जपा, डोळ्यांत औषध वेळच्या वेळी घाला, मामींचं ऐका. इकडे सगळं क्षेम आहे. आम्ही तुमची आठवण काढतो. (आता काढतो.)

तुमचा,
भाचा

ता. क. – बरं झालं आठवलं. सोबत एक लहानसा कागद जोडला आहे. त्यात विशेष काही नाही, एकोणीस नंबरवरचा हक्क तुम्ही भाच्याला सोडत आहात एवढंच. तीन ठिकाणी पेन्सिलने फुल्या केल्या आहेत, तिथे सह्या करून उलट टपाली पाठवावा. यायची तसदी घेऊ नये, प्रवास लांबचा आहे. मुदत महिनाअखेरची. कागद वाचत बसू नका, डोळ्यांना त्रास होईल.

ता. क. दुसरा – वरचा कागद पाकिटात नाही, शोधू नका. पाकीट मी डिंकाने चिकटवलं होतं, तुमच्या भाचेसुनेने ते कुठेही न फाटता उघडलं. (ही विद्या तिने कुठून मिळवली, हा माझा विसाव्या वर्षापासूनचा संशय आहे.) कागद तिने काढून घेतला आणि विचारलं, ज्याच्या दारावर वीस वर्षं पोट भरलंत त्याला सही मागता, आणि या म्हणत नाही? आज सकाळी मी मापवाल्या बाईंकडे जाऊन सांगितलं की कागद दोघांच्या नावे करा आणि वहीत आहे तसं मामांचं नाव आधी. त्या म्हणाल्या, मग त्यांना स्वतः यावं लागेल. म्हणून महिनाअखेरच्या आत या. दोघेही या. शिंपी स्वतःहून बस थांब्यावर घ्यायला येतो म्हणतोय. (का म्हणतोय, ते शोधतोय.) वरच्या मजल्यावरची खोली रिकामी केली आहे. तिला कुलूप ठेवलेलं नाही. मामी, आता कंसातलंही सगळं वाचून दाखवा.

ता. क. तिसरा – आणि कडी अजून असेल तर घेऊन या. दार घोड्यांवरून उतरवून तुमच्या खोलीला लावायचं ठरवलं आहे, नंबर बाहेरच्या बाजूला. चारही भोकांमधलं अंतर मी मोजून ठेवलं आहे. तुमची हरवली असेल आणि वाटेत दुसरीच कुठली विकत घेऊन "हीच ती" म्हणालात, तर मला लगेच कळेल.

(कळलं तरी बसवीन.)